घेण्यास नकार, सबब परत

"घेऊ नका, आबा," मी म्हणालो आणि त्यांचं मनगट धरलं.

मनगट ओलं होतं. आबा भट्टीवरून उठून तसेच दारात आले होते, कोपरापर्यंत सोड्याच्या पाण्यानं पांढरे पडलेले हात घेऊन. समोर मुजावर पोस्टमन उभे होते. त्यांच्या एका हातात लांबट खाकी पाकीट होतं आणि दुसऱ्या हातात शाईची डबी, कारण आबा अंगठा करायचे हे त्यांना वीस वर्षांपासून ठाऊक होतं.

"आरं, रजिस्टर हाय दवाखान्याचं," आबा म्हणाले. "मुजावरास्नी किती येळ हुबं करायचं?"

"रजिस्टर आहे म्हणूनच घ्यायचं नाही. चाचा, आबा घरी नाहीत असं लिहा."

मुजावर चाचांनी एकदा आबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "सदा, हे काय माझ्या म्होरं हुबं हायती. मी खोटं कसं लिवू?"

"मग उद्या या."

"उद्या यीन. सात दिस ठिवता येतंय मला. पर बाळा, टपाल वाचल्याबगार परत धाडू नये." एवढं बोलून त्यांनी पाकीट पिशवीत टाकलं आणि सायकल वळवली. आबांचा हात अजून माझ्या हातात होता. तो मी सोडला तेव्हा मला फार शहाणपणाचं काम केल्यासारखं वाटलं.

ही गोष्ट मार्च एकोणनव्वदची, तारीख सोळा. मी तेव्हा साताऱ्याला वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि परीक्षेच्या तयारीसाठी घरी आलो होतो. आमच्या परीटआळीतला कॉलेज बघितलेला मी पहिलाच. त्यामुळे कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाच्या बांधकामाला हरकत आली, की लोक माझ्याकडे यायचे आणि मीही सल्ला देऊन मोकळा व्हायचो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणतात ते मी अंगानं भोगलंय.

आमचं घर जगत होतं ते नदीपलीकडच्या ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्याच्या कपड्यांवर. चादरी, खोळी, डॉक्टरांचे डगले, ऑपरेशनची हिरवी फडकी, सगळं सव्वीस वर्षं आमच्याकडे यायचं. आबा, थोरला भाऊ महादू, वहिनी, आई, चुलत्याची दोन माणसं, सगळी त्यातच. आबांना अक्षर येत नव्हतं, पण कपड्यावर घातलेली बिब्ब्याची खूण ते अंधारातही बोटानं ओळखत. पुरुषांच्या वॉर्डाला आडवी रेघ, बायकांच्या वॉर्डाला दोन ठिपके, बाळंतिणींना तीन, ऑपरेशनला फुली. सव्वीस वर्षांत एका वॉर्डाची चादर दुसऱ्या वॉर्डात गेली नाही, असं मेट्रनबाई सांगायच्या.

आणि आबांचा एक नेम होता. गाठोडं आलं की देणाऱ्याच्या समोर सोडायचं, मोजायचं आणि मगच हो-नाही बोलायचं. त्यात रक्त असो, पू असो, कॉलऱ्याच्या वॉर्डातलं असो. "सोडल्याबगार गाठोडं परत धाडायचं न्हाई," ते सांगायचे. "आत काय हाय ते न बघता नगं म्हनलं, तर आपला धंदा कशापायी?" हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते कानावरून जायचं.

त्या वर्षी दवाखान्यात कपडे धुण्याची मोठी यंत्रं आली. फेब्रुवारीत ट्रकमधून उतरताना ती महादूनं बघितली आणि तो जेवला नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या फाटकावरच्या वॉचमननं त्याच्या कानात सांगितलं, "तुमची नोटीस निघालीया. टायपिंग झालंय."

मी पेटीतला करार काढून वाचला. तीन वर्षांचा करार होता. शेवटच्या वर्षी एकतीस मार्चच्या आत लेखी नोटीस मिळाली तर तो संपणार, न मिळाली तर आपोआप आणखी तीन वर्षं चालणार. मग मी माझं कराराच्या कायद्याचं पुस्तक उघडलं. त्यात कलम चार होतं. एखादी गोष्ट कळवली असं केव्हा म्हणायचं? तर ज्याला कळवायची, त्याला ती माहीत होईल तेव्हा. मी ते वाक्य तीनदा वाचलं. मला वाटलं, आमच्या घरासाठीच ते कुणीतरी लिहून ठेवलंय.

त्या रात्री जेवताना मी सगळ्यांना समजावलं होतं. "नोटीस हातात पडली की करार संपला. हातात पडली नाही तर संपत नाही. एकतीस तारीख उलटू द्या. मग तीन वर्षं कुणी आपल्याला हात लावू शकत नाही."

"मी जाऊन थोरल्या डॉक्टरास्नीच इचारतो की," आबा म्हणाले होते. "सव्वीस वर्सं वळखत्यात मला. काय मनात हाय ते सांगत्याल."

"विचारायचं तर अजिबात नाही. तुम्ही विचारलंत म्हणजे तुम्हाला माहीत झालं. मग कायद्यानं ते कळवलं असं होतं."

आबा भाकरी मोडता मोडता थांबले. "म्हंजी माहीत आसून बी माहीत न्हाई म्हनायचं?"

"एकतीस तारखेपर्यंतच. मला शब्द द्या, आबा."

महादू म्हणाला, "त्यो शिकलाय. त्याचं ऐका." आणि आबांनी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी, सतराला, मुजावर चाचा पुन्हा आले. मी ओट्यावर पुस्तक घेऊनच बसलो होतो. त्यांनी लांबूनच पाकीट दाखवलं, मी लांबूनच मान हलवली. अठराला दुपारी परीक्षेचा फॉर्म भरायला मी साताऱ्याला गेलो. संध्याकाळी परत आल्यावर आबांना विचारलं, "चाचा आले होते?"

"आल्ते."

"घेतलं नाही ना?"

"न्हाई," आबा म्हणाले आणि खळीचं पातेलं घेऊन आत गेले.

त्यानंतर पाकीट आलं नाही. ते परत गेलं, आणि आम्ही दिवस मोजायला लागलो. ते तेरा दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. सायकलची घंटा वाजली की आई दार लोटून घ्यायची. पंचविसाव्या तारखेला आबा धुतलेले कपडे घेऊन गेले, तेव्हा मेट्रनबाईंनी त्यांना वऱ्हांड्यात गाठलं. मी हातगाडीपाशी होतो. मला सगळं ऐकू येत होतं.

"भिकोबा, अहो पत्राचं काय झालं? ऑफिसात म्हणतात परत आलं."

आबांच्या कपाळावर घाम आला. सव्वीस वर्षांत ते त्या बाईंशी खोटं बोलले नव्हते. "कसलं पत्तुर बाई?" ते म्हणाले. "मला काय ठावं न्हाई."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "दिवस कमी उरलेत, भिकोबा. साहेबांना एकदा भेटा तरी," त्या म्हणाल्या. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी नाही म्हणालो. आबांनी खाली मान घातली आणि मळकी गाठोडी मोजायला घेतली. त्या दिवशी ते दोनदा चुकले आणि दोनदा पहिल्यापासून मोजत बसले.

एकतीस तारखेला दिवेलागणीला आईनं शिरा केला. महादूनं मला खांद्यावर उचलायचंच बाकी ठेवलं होतं. "आमच्या सदानं दवाखाना हरवला," तो आळीत सांगत फिरला. आबा शिरा न खाता उठले. पोट बरं नाही म्हणाले.

एक एप्रिलला सकाळी सातला आम्ही हातगाडी घेऊन मागच्या फाटकाशी गेलो. आतून यंत्राची घरघर येत होती. निळे कपडे घातलेली तीन माणसं चादरींच्या घड्या करत होती. परीटघडी नव्हे, नुसतं चौकोनी गुंडाळणं. वॉचमन फाटक अडवून उभा होता. शेवटी म्हणाला, "तुमचं कपडं आता न्हाई द्यायचं, आसा हुकूम हाय. करार संपलाय म्हनं."

"कधी संपला?" मी आवाज चढवून विचारलं. "नोटीस कुठाय? दाखवा."

"मला काय इचारता? हाफिसात इचारा."

ऑफिसात मी विचारलं नाही. मी आबांना घेऊन तडक भोसेकर वकिलांकडे गेलो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण मी तर तिथंच घर बांधायला निघालो होतो.

भोसेकर वकील म्हातारे, भला माणूस, डोळ्यांनी अधू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ चष्मा पुसला. "पाकीट परत केलंस?" ते म्हणाले. "तू कलम चार वाचलंस, पोरा. पण समोर आणून दिलेलं टपाल जो घेत नाही, त्याला ते मिळालं असंच कोर्ट धरतं. हे तुमच्या तिसऱ्या वर्षाला असतं."

तरी मी म्हणालो, "काही वाट नाही का?"

"आहे एक बारीकशी. लढू."

दावा दीड वर्ष चालला. दवाखान्यानं लेखी जबाबात नोटीस मुदतीत पाठवली होती एवढंच म्हटलं, आणि आत काय लिहिलंय ते आम्हीही कधी मागितलं नाही. तेवढ्यात भट्टी विझली, चुलते गाव सोडून गेले आणि महादू पिंपरीला एका कारखान्यात हंगामी कामाला लागला. मी परीक्षा पास झालो, सनद घेतली आणि भोसेकरांच्याच हाताखाली काम करू लागलो. आमचा दावा सुनावणीला उभा राहिला, त्या दिवशी मी काळा कोट घालून त्यांच्या शेजारी बसलो होतो. माझ्या गळ्यातले पांढरे बँड आबांनी पहाटे खळ करून, इस्त्री करून दिले होते. ते स्वतः मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

ती बारीकशी वाट माझ्याच डोक्यातून निघाली होती, आणि मला तिचा अभिमान होता. पत्र आबांच्या नावचं होतं. नाही म्हणालो होतो मी. ज्याच्या नावचं पत्र, त्यानं नाकारलं तरच नकार. मुलानं नाकारलं तर तो बापाचा नकार कसा? उलटतपासणीत पोस्टमनला विचारायचा प्रश्न मी आदल्या दिवशी ठळक अक्षरात एका चिठ्ठीवर लिहून भोसेकरांना दिला होता. त्यांनी तो वाचून माझ्या पाठीवर थाप मारली होती.

दवाखान्याच्या वकिलांनी मुजावर चाचांना साक्षीला बोलावलं. चाचा पिंजऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी आबांना मान लववून नमस्कार केला. वकिलांनी पाकीट दाखवलं. ते अजून बंदच होतं, जसं गेलं तसंच.

"यावरचा शेरा तुमच्या हातचा आहे?"

"व्हय साहेब. 'घेण्यास नकार, सबब परत.' खाली माजी सही आन् तारीख. अठरा मार्च."

न्यायाधीशांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं. "पत्त्याची शाई फुटलीय," ते म्हणाले. "पाण्यात पडलं होतं का?"

चाचांनी एकदा मागच्या बाकाकडे बघितलं. तेवढ्यात दवाखान्याचे वकील पाकीट कोर्टासमोर उघडायची परवानगी मागू लागले आणि तो विषय तिथंच राहिला. क्लार्कनं ब्लेडनं कड कापली. कागद आधी न्यायाधीशांकडे गेला, मग आमच्याकडे. भोसेकरांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि माझ्या हातात दिला.

"मला दिसत नाही. वाच तू. मोठ्यानं वाच."

मी उभा राहून वाचू लागलो. नोटीसच होती. करार एकतीस मार्च रोजी संपत आहे, तो पुढे चालवण्याची संस्थेची इच्छा नाही. इथपर्यंत माझा आवाज खणखणीत होता, कारण हे मला न वाचताच माहीत होतं. खाली दुसरा परिच्छेद होता.

"तथापि आपण व आपल्या कुटुंबीयांनी सव्वीस वर्षे केलेली सेवा ध्यानात घेऊन, नवीन धुलाई विभागात आपली मुकादम म्हणून आणि आपल्या कुटुंबातील तीन व्यक्तींची कायम नोकरीवर नेमणूक करण्याचे संस्थेने ठरवले आहे. हे पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांच्या आत आपली संमती कळवावी. न कळवल्यास आपली इच्छा नाही असे समजून..."

पुढची ओळ मला वाचता आली नाही. अठरा अधिक दहा, अठ्ठावीस. आम्ही घरात श्वास रोखून एकतीस तारखेची वाट बघत होतो, तेव्हा ते दहा दिवस आमच्या उशाशी बसून निघून गेले होते. मेट्रनबाई त्यासाठीच वऱ्हांड्यात उभ्या होत्या. मी मागं वळून आबांकडे बघू शकलो नाही. मला माझी स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही वाटलेली नाही.

"उलटतपासणी," न्यायाधीश म्हणाले.

भोसेकर उठले. त्यांच्या हातात माझी चिठ्ठी होती. मला ती ओढून घ्यावीशी वाटली. मी त्यांच्या बाहीला हात लावला, पण त्यांनी तो सवयीनं बाजूला केला. ते त्यांचं काम करत होते.

"मुजावर, पत्र तुम्ही घरी नेलंत तेव्हा 'घेऊ नका' असं कोण म्हणालं?"

"सदा म्हनला. ह्ये तुमच्या शेजारी बसल्यात त्ये."

"पत्र त्यांच्या नावचं होतं?"

"न्हाई."

"म्हणजे भिकोबा परीट यांनी स्वतः पत्र नाकारलं नाही. त्यांच्या मुलानं नाकारलं. बरोबर?"

चाचांनी पिंजऱ्याची कड घट्ट धरली. "पहिल्या दिशी पोरानं. दुसऱ्या दिशी बी पोरानंच. पर मी शेरा तवा न्हाई मारला. शेरा तिसऱ्या दिशी मारला."

"तिसऱ्या दिवशी काय झालं?" हा प्रश्न न्यायाधीशांनी विचारला.

चाचा आबांकडे बघू लागले. आबांनी खाली बघितलं. मग चाचा सांगू लागले.

"साहेब, मला बी रातीला झोप यीना. म्हनलं, घरात पोरगं आडवं येतंय, तर घाटावर जाऊन गाठावं. दुपारी नदीवर ग्येलो. भिकोबा एकलं धूत हुतं. मी पाकीट म्होरं केलं आन् त्यांनी घ्येतलं. वल्या हातानं घ्येतलं, म्हनून ती शाई फुटलीया. लई येळ हातात धरून बसलं. दोन्हीकडनं बघितलं, चाचपलं. म्हनलं, 'मुजावर, ह्यात काय आसंल वो?' मी म्हनलं, 'फोडा की. मी वाचून दावतो.' तर म्हनलं, 'सोडून बघावं असं लई वाटतंय. आजवर कवा न बघता परत धाडलं न्हाई. पर पोराला शबुद दिलाय.'"

चाचा थांबले. टाइपरायटरही थांबला होता.

"मी म्हनलं, 'भिकोबा, पोराचं वय काय, त्याला काय कळतंय?' तर म्हनलं, 'त्यो उद्या वकील हुनार हाय, मुजावर. आज बापच त्याचं ऐकंना, तर उद्या लोकं त्याचं कशी ऐकतील?' आन् पाकीट माझ्या हातात परत दिलं."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला मजकूर सांगितला: वादीने पत्र दिनांक अठरा मार्च रोजी स्वतःच्या हातात घेतले व न उघडता परत केले. बाकीचं त्यात आलं नाही. कोर्टाला तेवढंच लागत होतं. भोसेकर हळूच खाली बसले आणि त्यांनी माझी चिठ्ठी घडी करून माझ्यासमोर ठेवली.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. नोटीस अठरा मार्चला पोचली, करार एकतीस मार्चला संपला, दावा रद्द. नोकऱ्यांचे दहा दिवस केव्हाच सरले होते आणि त्या जागांवर दुसरी माणसं कायम झाली होती. कागदावर करार एकतीसला संपला, पण माझ्या हिशेबी तो सोळालाच संपला होता. मी एका ओल्या मनगटाला धरलं, तेव्हा.

निकालाच्या दिवशी घरी जाताना मी आबांना म्हणालो, "मला चार शिव्या तरी द्या."

"कशापायी?"

"तुम्ही फोडायला हवं होतं. माझं ऐकायला नको होतं."

आबा पुलावर थांबले. खाली आमचा घाट दिसत होता. "आता बोलून काय हुतंय," ते म्हणाले आणि चालू लागले. त्यानंतर ते सात वर्षं जगले. त्या पाकिटाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काही कोर्टात जाणार नव्हतो. वकिली सोडून महादूकडे पिंपरीला जायचं मी रात्रीच मनाशी ठरवलं होतं. सकाळी अंथरुणातून उठलो तर आबा समोर उभे. त्यांच्या हातात पंच्यात बांधलेलं एक लहान गाठोडं होतं. ते त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवलं.

"काय आहे?"

"सोडून बघ."

मी बसून राहिलो. आबा हलले नाहीत. दारात गिऱ्हाईक उभं असावं तसे ते उभे होते, अगदी मान देऊन. शेवटी मी गाठ सोडली. आत माझा पांढरा शर्ट होता आणि खळ केलेले बँड, इतके कडक की वाजतील. बँडच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, बिब्ब्याची एक लहानशी खूण केली होती. ती मी आधी कुठल्याच वॉर्डाच्या कपड्यावर बघितली नव्हती.

"मोज," आबा म्हणाले.

"आबा, तीनच तर कपडे आहेत."

"तरी बी मोज."

मी मोजले. एक शर्ट, दोन बँड. मोजताना मला रडू आवरलं नाही. आबा माझं मोजून होईपर्यंत थांबले, मग रिकामा पंचा झटकून त्यांनी खांद्यावर टाकला.

"धाला कोरट हाय न्हवं?" ते म्हणाले. "ऊठ. भोसेकर वकील वाट बघत आसत्याल."